‘कौम’ या शब्दाचा अर्थ: मौलाना हुसैन अहमद मदनी यांच्याविषयी

फाळणीचा इतिहास शाळेत शिकताना माझ्या मनात एक समजूत नकळत रुजली होती आणि ती पुढे बरीच वर्षे तशीच राहिली. इंग्रजी शिक्षण घेतलेले मुसलमान अखंड भारताच्या बाजूचे असणार आणि मदरशांत शिकलेले, धर्मग्रंथांत बुडालेले मौलाना पाकिस्तानच्या बाजूचे असणार, अशी ती समजूत होती. प्रत्यक्षातले चित्र पुष्कळ अंशी उलटे होते. पाकिस्तानची मागणी करणाऱ्या पक्षाचे नेतृत्व लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेल्या जीनांकडे होते, आणि कुराण व हदीस (पैगंबरांची वचने) यांच्या आधारे त्या मागणीला अखेरपर्यंत विरोध करणाऱ्यांमध्ये अग्रभागी होते ते उत्तर प्रदेशातील देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाचे मुख्य अध्यापक, मौलाना हुसैन अहमद मदनी. हे प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले आणि थोडी शरमही वाटली, कारण इतका मोठा माणूस आपल्या वाचनाच्या कक्षेत कधी आलाच नव्हता.

त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात त्यांचा उल्लेख बहुधा ‘राष्ट्रवादी मुसलमान नेते’ असा होतो. तो चुकीचा नाही; पण जसजसे वाचत गेलो तसतसे मला वाटू लागले की त्यांना आधी शिक्षक म्हणून समजून घेतले पाहिजे. त्यांचे राजकारण त्यांच्या गुरूंकडून आले, त्यांचे तुरुंगवास गुरूंच्या पाठोपाठ सुरू झाले, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सार्वजनिक वाद हा एका अरबी शब्दाच्या अर्थावरचा, म्हणजे वर्गात चालावा तसा वाद होता.

हुसैन अहमद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८७९ रोजी उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे झाला. वडील सय्यद हबीबुल्लाह तेथील शाळेत मुख्याध्यापक होते. घराणे मूळचे फैजाबाद जिल्ह्यातील, विणकरांसाठी प्रसिद्ध असलेल्या टांडा या गावचे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास मुलाला देवबंदला पाठवण्यात आले. देवबंदचा हा मदरसा १८६६ मध्ये, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर नऊ वर्षांनी, छत्ता मशिदीच्या आवारात डाळिंबाच्या झाडाखाली सुरू झाला होता. पहिला शिक्षक एक, पहिला विद्यार्थी एक, आणि योगायोगाने दोघांचेही नाव महमूद. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानोतवी यांनी मदरशासाठी जी आठ तत्त्वे लिहून ठेवली, त्यांत सरकारच्या आणि धनिकांच्या मदतीपासून दूर राहावे आणि सामान्य माणसांच्या वर्गणीवर विसंबावे, असा आग्रह आहे. एखाद्या जहागिरीचे कायमचे उत्पन्न मिळाले तर ईश्वरावरचा भरवसा कमी होईल, ही त्यामागची धारणा. डाळिंबाखालचा तो पहिला विद्यार्थी म्हणजे महमूद हसन. हुसैन अहमद देवबंदला पोहोचले तेव्हा तेच महमूद हसन मदरशाचे मुख्य अध्यापक होते, आणि या मुलाला त्यांनी घरच्यासारखे जवळ केले.

हदीसच्या शिक्षणात ‘सनद’ नावाची एक गोष्ट असते, आणि ती समजल्याशिवाय ही माणसे समजत नाहीत. पैगंबरांचे वचन नुसते ठाऊक असून चालत नाही. ते मी अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून ऐकले, अशी मूळ वचनापर्यंत पोहोचणारी साखळी सांगता आली पाहिजे. आपल्याकडे आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव ही परंपरा जशी आदराने उच्चारली जाते, तशीच ही नावांची माळ आहे. देवबंदची सनद महमूद हसन यांच्याकडून कासिम नानोतवी, शाह अब्दुल गनी, शाह इसहाक, शाह अब्दुल अजीज असे टप्पे घेत अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांच्यापर्यंत आणि तेथून मागे अरबस्तानापर्यंत जाते. अशा परंपरेत शिक्षक होणे म्हणजे त्या माळेतला एक मणी होणे असते. हुसैन अहमद यांनी विद्यार्थी म्हणून ती माळ हाती घेतली, आणि सूफी साधनेसाठी ते मौलाना रशीद अहमद गंगोही यांचे मुरीद, म्हणजे दीक्षित शिष्य, झाले.

१८९९ च्या सुमारास वडिलांनी सगळ्या कुटुंबासह मदिनेला कायमचे जाण्याचा निर्णय घेतला. तेथे सुरुवातीचे दिवस फार ओढग्रस्तीचे होते. हुसैन अहमद यांनी पोटासाठी हस्तलिखितांच्या नकला करण्याचे कामही केले. मात्र मस्जिद-ए-नबवीत त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि पाहता पाहता त्यांच्याभोवती निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग जमू लागला. पैगंबरांच्या मशिदीत, पैगंबरांची वचने, अरबी बोलणाऱ्यांना एका हिंदुस्थानी तरुणाने शिकवावी, ही घटना साधी नव्हती. मधूनमधून ते भारतात येत राहिले. १९१० मध्ये देवबंदच्या मोठ्या पदवीदान समारंभात त्यांना पगडी बांधण्यात आली. पण पहिल्या महायुद्धापर्यंतची बहुतेक वर्षे मदिनेतच गेली आणि ‘मदनी’, म्हणजे मदिनेचा, हे नाव त्यांना त्यामुळेच चिकटले. ते तसेच शांतपणे शिकवत राहिले असते तर आज त्यांचे नाव कदाचित फक्त हदीसच्या अभ्यासकांना ठाऊक असते.

१९१५ मध्ये महमूद हसन हेजाझला, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांतात, आले. इंग्रजांविरुद्ध तुर्कस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या मदतीने उठाव करण्याची एक योजना त्यांच्या मनात होती. त्यांचे शिष्य उबैदुल्लाह सिंधी त्याच सुमारास काबूलला पोहोचले होते आणि १ डिसेंबर १९१५ रोजी तेथे स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारात राजा महेंद्र प्रताप अध्यक्ष, बरकतुल्लाह पंतप्रधान आणि सिंधी गृहमंत्री होते. मदिनेत मदनींनी आपल्या गुरूंची अन्वर पाशा आणि जमाल पाशा या तुर्की सेनानींशी भेट घडवून आणली. १९१६ च्या उन्हाळ्यात सिंधींनी पिवळ्या रेशमी कापडावर लिहून पाठवलेली पत्रे पंजाबात इंग्रजांच्या हाती लागली आणि सगळा बेत उघडा पडला. इतिहासात हे प्रकरण रेशमी रुमाल कट म्हणून ओळखले जाते. २०१३ मध्ये भारतीय टपाल खात्याने या चळवळीवर तिकीटही काढले.

१९१६ मध्येच मक्केच्या शरीफ हुसैन यांनी इंग्रजांच्या पाठिंब्याने तुर्कांविरुद्ध बंड केले. तुर्क हे धर्मभ्रष्ट आहेत, अशा आशयाच्या फतव्यावर सही करण्यास महमूद हसन यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. मदनी गुरूंबरोबर राहिले. जेद्दाहून इजिप्त आणि तेथून फेब्रुवारी १९१७ मध्ये माल्टा बेटावरचा युद्धकैद्यांचा तळ, असा हा प्रवास झाला. जर्मन, ऑस्ट्रियन आणि तुर्की कैद्यांच्या त्या वसाहतीत देवबंदची ही पाच माणसे होती: महमूद हसन, हुसैन अहमद, त्यांचे पुतणे वहीद अहमद, उझैर गुल आणि हकीम नुसरत हुसैन. नुसरत हुसैन माल्ट्यातच वारले. मदनींच्या कुटुंबाची दुसरीकडे धूळधाण झाली होती. तुर्की अधिकाऱ्यांनी त्यांच्या वडिलांना आणि भावांना मदिनेतून तुर्कस्तानातल्या एडिर्नेला पाठवले आणि वडिलांचा मृत्यू त्या परक्या गावातच झाला. म्हणजे मुलगा इंग्रजांच्या कैदेत आणि बाप, ज्यांची बाजू घेतल्यामुळे मुलगा कैदेत होता, त्या तुर्कांच्या कैदेत. इतके होऊनही मदनींच्या लेखनात तुर्कांविषयी कटुता फारशी दिसत नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

माल्ट्याच्या थंडीविषयीची एक आठवण देवबंदच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वृद्ध गुरूंना पहाटे वुजूसाठी, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुण्यासाठी, थंड पाणी सोसत नसे आणि गरम करण्याची सोय नसे. तेव्हा मदनी पाण्याचे भांडे रात्रभर आपल्या अंगाशी धरून बसत, म्हणजे पहाटेपर्यंत पाण्याचा गारवा मोडे. गुरुसेवेच्या अशा कथा आपल्या संतचरित्रांतही भेटतात, म्हणून ती वाचताना मला परकेपणा वाटला नाही. याच कैदेत महमूद हसन यांनी कुराणाचा उर्दू अनुवाद पूर्ण केला आणि मदनींनी सबंध कुराण मुखोद्गत केले. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी गीतेवर लिहिले, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. कैदेचा काळ धर्मग्रंथाच्या सहवासात घालवण्याची ही रीत त्या पिढीत धर्माच्या सीमा ओलांडून होती, असे म्हणता येईल.

८ जून १९२० रोजी ते मुंबई बंदरात उतरले. खिलाफत चळवळ ऐन भरात होती. महमूद हसन यांना ‘शैखुल हिंद’ ही पदवी मिळाली, गांधीजींच्या असहकाराला त्यांनी पाठिंबा दिला, अलीगढला जामिया मिल्लियाच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्षपद आजारपणातही स्वीकारले आणि ३० नोव्हेंबर १९२० रोजी दिल्लीत डॉ. अन्सारींच्या घरी देह ठेवला. मदनी तेव्हा गुरूंच्याच आज्ञेने कलकत्त्याला शिकवण्यासाठी निघाले होते. चार वर्षे ज्यांना सावलीसारखी साथ दिली त्यांच्या अखेरच्या क्षणी ते जवळ नव्हते.

त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत मदनी देशभर माहीत झाले. जुलै १९२१ मध्ये कराचीत अखिल भारतीय खिलाफत परिषद भरली आणि तीत इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानांना धर्मदृष्ट्या निषिद्ध आहे, असा ठराव झाला. सरकारने सात जणांवर खटला भरला. महंमद अली आणि शौकत अली हे बंधू, डॉ. सैफुद्दीन किचलू, मौलाना निसार अहमद, पीर गुलाम मुजद्दिद, हुसैन अहमद मदनी आणि सातवे आरोपी शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. पुढे वैदिक गणितामुळे ज्यांचे नाव घरोघर गेले तेच हे स्वामी. देवबंदचे मौलाना आणि शंकराचार्य एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात, मुसलमान सैनिकांच्या धर्मकर्तव्याविषयीच्या एका ठरावासाठी उभे होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे चित्र असते तर किती बरे झाले असते.

कराचीच्या खालिकदिना हॉलमधील त्या खटल्यात मदनींनी माफी मागितली नाही की वकिली युक्तिवादाचा आडोसा घेतला नाही. मुसलमानाने मुसलमानाला अन्यायाने मारणे किती मोठे पाप आहे, हे त्यांनी कुराणातील आयती आणि हदीस उद्धृत करून न्यायालयाला समजावून सांगितले. जणू समोर ज्यूरी नसून वर्ग होता. सरकार जर धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य काढून घेणार असेल तर धर्मासाठी प्राण देणारा पहिला माणूस मी असेन, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत, आणि ते ऐकून महंमद अलींनी त्यांच्या पायांना हात लावला, असे सांगितले जाते. १ नोव्हेंबर १९२१ रोजी शंकराचार्यांची सुटका झाली आणि उरलेल्या सहा जणांना दोन वर्षांची सक्तमजुरी मिळाली. मदनींना साबरमतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तोच ठराव मग गावोगावच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा मांडला गेला, आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये मुंबईहून गांधीजींसह अनेक नेत्यांनी जाहीरनामा काढून त्याचे समर्थनही केले होते.

सुटकेनंतर काही वर्षे ते सिल्हटला हदीस शिकवत होते. १९२७ मध्ये देवबंदचे प्रकांड हदीसपंडित अन्वर शाह काश्मिरी मतभेदांमुळे तेथून बाहेर पडले आणि गुजरातेत डाभेलला गेले. त्यांच्या जागी सद्र मुदर्रिस, म्हणजे मुख्य अध्यापक, म्हणून मदनींना बोलावण्यात आले. मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ते या जागेवर होते. मदरशाचे अखेरचे वर्ष ‘दौरा-ए-हदीस’ म्हणून ओळखले जाते. त्यात हदीसचे सहा प्रमुख संग्रह वर्षभरात वाचून पुरे करायचे असतात. विद्यार्थी वचन वाचतो, शिक्षक त्याची सनद, शब्दार्थ, त्यावरून निघणारे कायद्याचे निष्कर्ष आणि निरनिराळ्या पंथांचे मतभेद सांगतो. त्यांपैकी तिरमिजी हा संग्रह मदनी दिवसा आणि बुखारी हा रात्री, इशाच्या म्हणजे दिवसाच्या शेवटच्या नमाजनंतर उशिरापर्यंत, शिकवत. दूरच्या सभेहून रात्रीच्या गाडीने परतायचे आणि थेट वर्गात जाऊन बसायचे, हा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या घरी रोज जेवायला असणाऱ्या पाहुण्यांची संख्या हा तर देवबंदमध्ये दंतकथेचा विषय होता. ते आग्रहाने खादी वापरत, आणि विलायती कापडाच्या कफनात गुंडाळलेल्या मृताच्या जनाजाची नमाज पढवण्यासही नाखूश असत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. ८ जानेवारी १९३८ च्या रात्री दिल्लीच्या सदर बाजारात मदनींचे भाषण झाले. त्यात ते म्हणाले की आजच्या काळात ‘कौमें’ वतनावरून, म्हणजे मायदेशावरून, बनतात, वंशावरून किंवा धर्मावरून नव्हे. इंग्लंडमध्ये राहणारे ज्यू, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे सगळे एकच कौम मानले जातात. मुस्लिम लीगला अनुकूल असलेल्या वृत्तपत्रांनी याची बातमी अशी दिली की मदनींनी ‘मिल्लत’ वतनावरून बनते असे म्हटले. हे वाचून लाहोरला आजारी असलेल्या कवी इक्बालांना धक्का बसला आणि त्यांनी तीन फारसी शेर लिहिले, ज्यांत देवबंदच्या हुसैन अहमद यांना धर्माचे मर्मच कळलेले नाही, असा जहरी आरोप होता. शेर वाऱ्यासारखे पसरले.

मदनींनी कवितेला कवितेने उत्तर दिले नाही. त्यांनी शब्दकोश उघडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: मी ‘कौम’ म्हटले, ‘मिल्लत’ नव्हे, आणि अरबीत हे दोन शब्द एक नाहीत. मिल्लत म्हणजे धर्ममार्ग, श्रद्धेची वाट. कौम म्हणजे कोणत्याही समान कारणाने, मग ते रक्त असो, भाषा असो, धंदा असो की भूमी असो, एकत्र आलेला जनसमूह. कुराणात नूह, हूद, सालेह हे पैगंबर आपल्या समाजाला ‘या कौमी’, म्हणजे ‘माझ्या लोकांनो’, अशी हाक मारतात, आणि ही हाक ज्यांना मारली जाते ते लोक पैगंबरांना नाकारणारेच आहेत. जर श्रद्धा न ठेवणारे आणि श्रद्धेचा संदेश आणणारा एकाच कौमचे असू शकतात, तर हिंदुस्थानातले मुसलमान आणि हिंदू एक कौम का असू शकत नाहीत? त्यांनी दुसरा आधार घेतला तो मदिनेच्या कराराचा. मदिनेत आल्यावर पैगंबरांनी तेथील टोळ्यांशी जो करार केला त्यात ज्यूंना मुसलमानांसह एक समुदाय म्हटले आहे, प्रत्येकाचा धर्म प्रत्येकाकडे राहील आणि नगराचे रक्षण सर्वांनी मिळून करायचे, असे ठरले आहे. मदिनेत अनेक वर्षे शिकवलेल्या माणसाने हा दाखला द्यावा, यात मला विशेष अर्थ वाटतो.

‘तालूत’ या नावाने लिहिणाऱ्या एका विद्वानाने दोघांशी पत्रव्यवहार करून मध्यस्थी केली. मदनींनी कळवले की मी आजच्या जगातली वस्तुस्थिती सांगितली होती. इक्बालांनी त्यावर लाहोरच्या ‘एहसान’ वृत्तपत्रात २८ मार्च १९३८ रोजी खुलासा केला की मौलाना जर केवळ वस्तुस्थिती सांगत असतील तर माझा आक्षेप उरत नाही. २१ एप्रिलला इक्बाल वारले. त्याच वर्षी त्यांचा अखेरचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यात ते तीन शेर जसेच्या तसे होते, खुलाशाचा मात्र मागमूस नव्हता. खुलासा वृत्तपत्राच्या रद्दीत गेला आणि शेर लोकांच्या तोंडी राहिले. पुढच्या निवडणुकांत लीगच्या सभांमधून तेच शेर मदनींच्या अंगावर फेकले गेले. मदनींनी इक्बालांच्या निधनानंतर आपली बाजू ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ या छोट्या पुस्तकात सविस्तर मांडली. ते वाचताना लक्षात येते की त्यातले बरेचसे विवेचन शब्दांच्या व्युत्पत्तीचे आणि प्रयोगांचे आहे. राजकीय पुस्तक म्हणून ते रूक्ष आहे. पण एका शब्दाचा अर्थ बदलला तर कोट्यवधी माणसांचे घर बदलू शकते, हे या शिक्षकाला इतरांपेक्षा आधी दिसले होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर मी चरित्राऐवजी आरती लिहितो आहे असे होईल. मदनींची संयुक्त कौम म्हणजे आजच्या अर्थाने केवळ नागरिकांचे राष्ट्र नव्हते. त्यांच्या कल्पनेत धर्मसमुदाय हे घटक होते आणि प्रत्येकाचा व्यक्तिगत कायदा, शिक्षण आणि धर्मव्यवस्था स्वायत्त असणार होती. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या मागे जमियत उलेमा-ए-हिंद ही उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, संघटना उभी होती. १९४५ मध्ये जमियतने मांडलेली योजना, जिला मदनी फॉर्म्युला म्हणतात, प्रांतांना जास्तीत जास्त अधिकार देणारी होती आणि केंद्रीय विधिमंडळात हिंदू ४५, मुसलमान ४५ आणि इतर १० असे प्रमाण सुचवणारी होती. पुढे मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी हमीद दलवाई महाराष्ट्रात उभे राहिले तेव्हा त्यांना ज्या भिंतीवर डोके आपटावे लागले, ती भिंत उलेमांच्या याच भूमिकेतून उभी राहिलेली होती. माझे मन या प्रश्नावर दलवाईंच्या बाजूला आहे. तरीही मदनींनी आपल्या परंपरेच्या आत राहून, तिचीच साधने वापरून, शेजाऱ्याला ‘आपल्यातला’ म्हणण्याचा मार्ग काढला, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. बाहेरून सांगणाऱ्याचे ऐकायला जे तयार नव्हते त्यांच्यापर्यंत तो आवाज पोहोचू शकत होता.

१९४० पासून अखेरपर्यंत ते जमियतचे अध्यक्ष होते. जून १९४२ मध्ये, म्हणजे ‘चले जाव’च्या ठरावापूर्वीच, एका भाषणासाठी त्यांना अटक झाली आणि मुरादाबाद व नैनी येथील तुरुंगांतून ते ऑगस्ट १९४४ मध्ये सुटले. ‘नक्श-ए-हयात’ हे त्यांचे आत्मचरित्र या काळाशी जोडलेले आहे. त्यात स्वतःविषयी कमी आणि इंग्रजांनी हिंदुस्थान कसा लुटला, इथले उद्योग कसे बुडवले, याविषयी पानेच्या पाने आहेत. दादाभाई नौरोजींची संपत्तीच्या निःसारणाची मांडणी ज्यांनी वाचली आहे त्यांना तो सूर ओळखीचा वाटेल. आत्मचरित्रात ‘मी’ इतका मागे ठेवणारा लेखक विरळा.

ते तुरुंगात असतानाच देवबंदमध्ये फूट पडली. शब्बीर अहमद उस्मानी आणि त्यांच्यासह काही ज्येष्ठ अध्यापक मदरशातून बाहेर पडले. १९४५ मध्ये उस्मानींच्या नेतृत्वाखाली कलकत्त्यात जमियत उलेमा-ए-इस्लाम स्थापन झाली आणि तिने पाकिस्तानला पाठिंबा दिला. एकाच गुरूचे शिष्य आता एकमेकांसमोर उभे होते. १९४५-४६ च्या निवडणुकीच्या प्रचारात मदनी गावोगाव फिरले आणि ठिकठिकाणी त्यांची विटंबना झाली. बंगालमधील सैदपूर स्थानकावर जमावाने त्यांच्यावर हल्ला केला, डोक्यावरची टोपी ओढून काढली, शिव्या दिल्या. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. हल्ला करणारे मुसलमानच होते, आणि ते ज्याच्यावर तुटून पडले होते त्याने मस्जिद-ए-नबवीत हदीस शिकवलेली होती. मध्यवर्ती विधिमंडळातील मुसलमानांच्या राखीव ३० जागांपैकी सर्व ३० लीगने जिंकल्या. मताचा अधिकार तेव्हा मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता, त्यामुळे सामान्य विणकर, शेतमजूर किंवा कारागीर मुसलमानाला विचारण्यातच आले नव्हते. त्याला विचारले असते तर काय झाले असते, हे सांगणे शक्य नाही, पण हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

१९४७ मध्ये देश फुटला तेव्हा मदनींच्या हातात एकच काम उरले, आणि ते त्यांनी जिवाच्या आकांताने केले. सहारनपूर, मुझफ्फरनगर आणि आसपासच्या भागात पंजाबमधून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि घाबरलेले मुसलमान सामान बांधून बसले होते. ते गावोगाव गेले, मशिदींमधून बोलले, घरे सोडू नका म्हणून विनवत राहिले. दिल्लीत हेच काम जमियतचे सरचिटणीस मौलाना हिफ्जुर रहमान करत होते. पश्चिम उत्तर प्रदेशात आज मुसलमानांची जी वस्ती आहे ती तशी टिकून राहण्यात या फिरण्याचा वाटा मोठा आहे. १९४८ मध्ये जमियतने निवडणुकीच्या राजकारणातून अंग काढून घेतले आणि धार्मिक, शैक्षणिक, सामाजिक कामापुरते राहण्याचे ठरवले.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी कोणतेही पद मागितले नाही. १९५४ मध्ये पद्म पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी पद्मभूषणासाठी त्यांचे नाव जाहीर झाले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या रीतीला हे धरून नाही, म्हणून त्यांनी तो सन्मान नम्रपणे नाकारला. नानोतवींच्या आठ तत्त्वांपैकी सरकारी उपकारापासून दूर राहण्याचे तत्त्व येथे आठवते. इंग्रजांचे सरकार जाऊन आपले सरकार आले होते, त्यासाठी ते स्वतः अनेकदा तुरुंगात गेले होते. तरी शिक्षकाने सरकारपासून किती अंतरावर उभे राहावे, याविषयीचे त्यांचे मत बदलले नव्हते.

५ डिसेंबर १९५७ रोजी देवबंदमध्ये त्यांचे निधन झाले. हदीसचे दुसरे मोठे अभ्यासक मौलाना जकरिया कांधलवी यांनी जनाजाची नमाज पढवली आणि मदरशाजवळच्या कासमी कब्रस्तानात, कासिम नानोतवी आणि महमूद हसन यांच्या शेजारी, त्यांना दफन करण्यात आले. त्यांचे पुत्र असद मदनी पुढे अनेक वर्षे जमियतचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सदस्य होते. दुसरे पुत्र अर्शद मदनी यांच्याकडे वडिलांचेच सद्र मुदर्रिस हे पद २०२० मध्ये आले.

देवबंदमध्ये दौरा-ए-हदीसचा वर्ग आजही भरतो. त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी काढलेल्या मदरशांतही तो भरतो, भारतात, बांगलादेशात आणि पाकिस्तानातही. शिक्षक सनद सांगू लागतो तेव्हा शाह वलीउल्लाह, शाह अब्दुल अजीज, शाह इसहाक, शाह अब्दुल गनी, कासिम नानोतवी, महमूद हसन अशी नावे ओळीने येतात, आणि महमूद हसन यांच्यानंतर हुसैन अहमद यांचे नाव येते.